टेबलातली शेगडी

खरं सांगा हं, तव्यावरून उतरलेली पहिली पोळी तुमच्या ताटात शेवटची कधी पडली? माहेरी गेला असाल तेव्हाच ना? सासरी पोळी फुगते ती दुसऱ्यांसाठी. आपल्या वाट्याला येते ती डब्याच्या तळाची, वाफ धरून ओलसर झालेली. याबद्दल माझी तक्रार आहे असं समजू नका. (असली तरी ती आज करायची नाही.) आज सांगायचंय ते एका हॉटेलाबद्दल. तिथं शेगडी आत स्वयंपाकघरात नसते, ती जेवणाऱ्यांच्या टेबलातच बसवलेली असते.

त्याचं असं झालं. माझ्या वन्सं मोशीला राहतात. त्यांच्या मुलाला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पहिला पगार झाला आणि त्याचा फोन आला. मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. (अर्ध्या दिवसाची नोकरी असली तरी वह्या पुऱ्या दिवसाच्या असतात, हे शिक्षक मैत्रिणींना सांगायला नको.) म्हणाला, "मामी, रविवारी सगळे इकडे या. इथं नवीन बार्बेक्यू उघडलंय. आजीला घेऊनच यायचं हं. मी टेबल सांगून ठेवलंय."

"अरे, आजी माळकरी आहे," मी म्हटलं.

"तिथं व्हेजसुद्धा असतं मामी!"

त्याला काय सांगणार? व्हेज 'सुद्धा' असणं आणि माळकरी बाईला जेवता येणं यांत किती अंतर असतं ते पगार मिळवणाऱ्या पोराला कळत नाही. सासूबाई सत्तरीला टेकल्या आहेत. गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी बाकीचे मटण-मासे खातो, पण त्याची भांडी वेगळी आणि चूलही परसातली. बाहेर कुठं जायचं म्हटलं की त्यांचं एकच वाक्य, "तुम्ही जावा, मी घर राखते." पंधरा वर्षं मी हे ऐकतेय. इतकं राखलेलं घर अख्ख्या नारायणगावात दुसरं नसेल! या वेळी मात्र नातवाच्या पहिल्या पगाराचं आमंत्रण होतं. त्यांनी बराच वेळ माळेचे मणी चाचपले आणि म्हणाल्या, "पोराला नाही कसं म्हणायचं? येते. पण माझा दशमीचा डबा मी बरोबर घेते."

आता इथं थोडं थांबून तुम्हाला सांगते, अशा ठिकाणी जायचं असेल तर आधी फोन करावा आणि लाजू नये. मी केला. पहिलं विचारलं, शाकाहारी माणसाला शेगडी वेगळी मिळेल का? कारण एकाच जाळीवर इकडे पनीर आणि तिकडे कोंबडी असेल तर ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना चालत नाही. "देतो मॅडम," म्हणाले. दुसरं, दर. तिथं पदार्थागणिक पैसे नसतात, माणशी ठराविक असतात. आमच्या वेळी आठशेच्या आसपास होते. शाकाहाऱ्याला थोडे कमी, लहान मुलांना आणखी कमी. वर पाच टक्के कर. दुपारी लवकरची वेळ घेतली तर दर उतरतो, आणि रविवारी चढतो. आम्ही जाणार रविवारी! ह्यांनी लगेच हिशेब मांडला, "आठ माणसं... अहो, एवढ्यात एक फवारणी होते!" आमचं खत-औषधांचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरी सगळे हिशेब फवारणीत होतात.

सकाळी निघालो. बाह्यवळण झाल्यापासून नारायणगाव कधी मागं पडलं ते कळत नाही, मंचर-खेडही तसंच. चाकणला मात्र अर्धा तास ट्रकांच्या मागं. त्यावर जास्त काय लिहू? पुणे-नाशिक रस्त्यावरच्या बायकांना चाकण माहीत आहे.

हॉटेलात शिरलो तर डोळ्यांपुढं अंधारीच आली. उन्हातून एकदम गार अंधारात. जिकडं तिकडं धूर नाही, पण धुराचा वास. कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, पाच-सहा पोरं टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. सासूबाईंनी पदर डोक्यावरून नीट केला आणि माझा हात धरला. तो त्यांनी आजवर फक्त पंढरपूरच्या गर्दीत धरला होता.

टेबलाला मधोमध खळगा असतो. त्यात पेटलेल्या कोळशाचं लोखंडी खोकं आणून बसवतात आणि त्यावर शिगा आडव्या ठेवतात. बाजूला वाट्यांतून चटण्या, तेल आणि ते लावायला एक ब्रश. आपण शिग फिरवायची, वरून तेल लावायचं, हवं तेवढं भाजायचं. निदान तसा देखावा असतो. खरं म्हणजे पदार्थ आतूनच भाजून येतात. टेबलावरची शेगडी ते गरम ठेवते आणि कडा जरा खरपूस करते. हे ह्यांना कळल्यावर ते जरा हिरमुसले, कारण ब्रश त्यांच्या हातात होता!

आपल्याकडे हा प्रकार रुजला तो या शतकातच. २००६ साली सयाजी हॉटेल्सनं मुंबईत 'बार्बेक्यू नेशन'चं पहिलं हॉटेल काढलं. पुढं त्याची गावोगाव साखळी झाली आणि २०२१ साली ती कंपनी शेअर बाजारातही आली. आम्ही गेलो ते त्यांचं नव्हे, त्याच धर्तीवर कुणी नव्यानं काढलेलं. कोरिया-जपानकडे तर टेबलातच शेगडी ठेवून मांस भाजून खायची रीत आहे. 'बार्बेक्यू' हा शब्द मुळात इंग्रजांचासुद्धा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांची काटक्यांची भाजायची चौकट असायची, तिच्या नावावरून तो स्पॅनिश लोकांनी उचलला.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? मी बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं म्हणून आठवतं, शुळावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' असा शब्दच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यात खाण्यापिण्याचं मोठं प्रकरण आहे आणि भाजलेल्या मांसाच्या कृतीही आहेत. म्हणजे राजेलोकांना भाजलेलं खाण्याची हौस होतीच. पण राजेच कशाला, खानदेशात कापसाच्या काड्यांवर भरताची वांगी भाजतात, रायगडकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात थंडीत हुरडा असतोच. आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, जाळ विझू द्यायचा, निखाऱ्याच्या फुफाट्यात कणसं खुपसायची. जाळावर धरलं तर दाणा करपतो आणि आतून कच्चा राहतो. फुफाट्यात तो सगळीकडून सारखा भाजतो. मग कुणीतरी ते कणीस तळहातांवर चोळून, फुंकून, गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत टाकतं. लसणाची चटणी, गूळ, दही... जाऊ द्या, लिहितानाच तोंडाला पाणी सुटलं.

सासूबाई खोकं बघून हेच म्हणाल्या. "एवढ्या लांब येऊन आगटीपाशीच बसायचं होतं होय?"

आम्हाला दोन शेगड्या दिल्या होत्या. एका टोकाला मुलं, भाचा, हे आणि वन्संचे यजमान, म्हणजे सगळे कोंबडीवाले. दुसऱ्या टोकाला सासूबाई, वन्सं आणि मी. मी खरं म्हणजे कोंबडीवालीच! पण सुनेनं कुठल्या टोकाला बसायचं हे कुणी ठरवावं लागत नाही, ते आपोआप ठरतं.

पहिल्या शिगा आल्या. पनीर, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो. ह्यांनी लांबून टोमॅटोची फोड पाहिली आणि निदान केलं, "जाड सालीचा आहे, लांबच्या गाडीचा माल." नारायणगावच्या माणसाला टोमॅटो नुसता खाता येत नाही. वीस किलोच्या क्रेटचा आज काय भाव झाला हे विचारल्याशिवाय इथं सकाळ होत नाही, तर तो तरी काय करणार?

आणि मग नको ते झालं. वाढणाऱ्या पोरांपैकी एक अगदी नवीन होता. तो धावत आला आणि कोंबडीची शिग आमच्या जाळीवर ठेवून निघूनही गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसता टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी माळकरी माणूस आहे त्यांना या हात मागं घेण्याचा अर्थ कळेल. आता ही बाई घरी जाईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही. मला रडू यायचं राहिलं होतं. किती समजावून आणलं होतं त्यांना! मी उभी राहिले, साहेब आले, "मॅडम, शिग फक्त टेकली, लगेच उचलतो," असं म्हणू लागले. टेकली काय आणि राहिली काय!

तेवढ्यात दुसरा एक पोरगा पुढं झाला. वीस-बावीसचा असेल, अंगात तोच काळा सदरा. साहेबांना हळूच म्हणाला, "सर, आजींच्या गळ्यात माळ आहे." एवढंच म्हणाला आणि पेटलेलं अख्खं खोकं फडक्यानं धरून उचलून घेऊन गेला. नवीन खोकं आणलं, नवीन कोळसा, नवीन जाळी, वाट्या-ब्रशसकट सगळं नवीन. टेबल पुसलं. सासूबाईंसमोर पाण्याची बंद बाटली ठेवली आणि म्हणाला, "आमची आई पण माळकरीच हाय. आता बिनघोर जेवा."

"कुठला रे तू?"

"अंबाजोगाईचा."

सासूबाईंनी हात परत टेबलावर ठेवला. दशमीचा डबा पिशवीतून बाहेर निघाला नाही.

त्यांना पनीर आवडलं नाही, "चोथ्यागत लागतं" म्हणाल्या. भाजलेला बटाटा आवडला. दालचिनी-साखर लावून भाजलेल्या अननसाच्या फोडी तर इतक्या आवडल्या, की एकदा इकडं तिकडं बघून आणखी एक घेतली. पण त्यांच्या हाताला नुसतं खाण्याची सवयच नाही. दोन घास झाले की त्या रुमालानं शिग धरत आणि सुरीनं फोडी कुणाच्या ना कुणाच्या ताटात सोडत. वन्संच्या, मुलांच्या (मुलं तिकडं कोंबडीत गुंतलेली, तरी त्यांना हाका मारून), शेजारच्या टेबलावरच्या एका लहानग्यालासुद्धा अननस देऊन झाला. मी आपली सगळ्यांचं पाणी, सगळ्यांचे रुमाल बघत होते. सवय! तर त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. जाळीवरचा बटाटा, अजून चरचरत होता, तो माझ्या ताटात सोडला आणि म्हणाल्या, "खा गं आधी. गार होईल."

पंधरा वर्षांत हे वाक्य मी त्या घरात रोज म्हटलंय. सासऱ्यांना, ह्यांना, मुलांना, पाहुण्यांना, स्वतः सासूबाईंना. मला उद्देशून पहिल्यांदा ऐकलं. जीभ भाजली, पण खाल्ला.

तो पोरगा दर पाच मिनिटांनी शिगा घेऊन यायचाच. मका, फ्लॉवर, परत बटाटा. "आजी, अजून?" सासूबाईंनी त्याला थांबवून विचारलं, "लेकरा, तू कधी जेवणार?"

"आमचं काय आजी, साडेचारला. ही सगळी पंगत उठल्यावर."

"गरम असतंय का?"

तो हसला. "गारच. सवय हाय."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. शेवटच्या पंगतीची माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

टेबलावर एक बोटभर झेंडा असतो. तो उभा आहे तोवर शिगा येत राहतात आणि आडवा केला की येणं थांबतं. आमच्या धाकट्यानं ही माहिती आजीला मोठ्या हौसेनं दिली. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली आणि हात लांब करून झेंडा आडवा केला.

"आजी! अजून कोळंबी यायचीय!" तिकडून एकच ओरडा झाला. भाच्यानं झेंडा उभा केला. त्यांनी पुन्हा आडवा केला. "पोरगं सकाळपासून पळतंय, जेवू दे त्याला."

भाचा हसायला लागला. "अगं आजी, आपला झेंडा पाडला म्हणून त्याला सुट्टी नाही मिळत. वीस टेबलं आहेत अजून."

"नसेना का. आपल्यापायीचं तर एक कमी झालं?"

यावर नोकरदार भाच्याकडंही उत्तर नव्हतं. शेवटी तडजोड झाली. कोळंबी येईपर्यंत झेंडा उभा, नंतर आडवा. पुढं जेवणाचं टेबल वेगळं होतं, तिथं आपण उठून वाढून घ्यायचं. पुलाव, आमटी, भाज्या, गोडधोड, कुल्फी. खरं सांगायचं तर शिगांनीच पोट भरल्यावर त्याकडं कुणी ढुंकून पाहत नाही, आणि हॉटेलवाल्यांनाही ते माहीत असणार! तुम्ही गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात मुलांना जरा आवरा आणि अंगावर सुती साडी असू द्या. माझ्या रेशमी साडीचा वास तीन दिवस गेला नाही.

बिल भाच्यानं दिलं. ह्यांनी तोंडातल्या तोंडात फवारण्या मोजल्या, पण बोलले नाहीत. निघताना सासूबाईंनी कनवटीचे पन्नास रुपये त्या पोराच्या हातात ठेवले. तो घेईना. "आईकडं गेलास की वारीला जाताना तिला दे," म्हणाल्या, तेव्हा घेतले.

आता तुम्ही म्हणाल, घरी कसं करायचं ते सांगा. सांगते. अर्धा किलो भाज्या घ्या. बटाटे तीन चतुर्थांश उकडून, कांदा, ढोबळी मिरची, कडक टोमॅटो बिया काढून. वाटीभर चक्का, त्यात दोन चमचे भाजलेलं डाळीचं पीठ, तिखट, आलं-लसूण, हातावर चुरलेली कसुरी मेथी, दोन चमचे तेल. साधं दही घेऊ नका, पाणी सुटून सगळं ओघळतं. डाळीच्या पिठानं मसाला फोडीला धरून राहतो. मीठ अगदी आयत्या वेळी, ते भाज्यांचं पाणी काढतं. दोन तास मुरू द्या. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर भाजीआधी काडीच जळते. कोळसा पेटल्यावर घाई करू नका. ज्वाळा गेली आणि निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवा, अगदी हुरड्याच्या आगटीसारखं. आणि एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: कोळशाची शेगडी बंद स्वयंपाकघरात किंवा थंडी आहे म्हणून खोलीत कधीही पेटवू नका. तिच्या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. अंगण, गच्ची, परस, जिथं वारा असेल तिथंच.

आम्ही पुढच्याच रविवारी माळ्यावरची जुनी शेगडी काढली. सासूबाईंच्या लग्नातली, बिडाची. अंगणात पायरीपाशी ठेवली आणि सगळे भोवती बसलो. ज्याची त्याची काडी, ज्यानं त्यानं फिरवायची, असा नियम थोरलीनं केला. ह्यांची पहिली काडी करपली, दुसरी कच्ची निघाली. "बाजारात माल ओळखता येतो, शेगडीवर येत नाही," असं सासूबाई म्हणाल्या आणि तिसरी त्यांनी फिरवून दिली. चौथीला मात्र नाही. "आता तुझी तू बघ," असं मुलाला सांगून त्या स्वतःचा बटाटा खात बसल्या, फुंकर मारत.

भाज्या संपल्यावर धाकट्यानं कागदाचा झेंडा करून आणला, तो निखाऱ्यावरच पडला.

एकच अडचण आहे. जुन्या जाळीची एक तार तुटलीय आणि तिथून कांदा खाली पडतो. आठवडे बाजारात नव्या जाळीचा भाव विचारला, तर दीडशे सांगितला. मी शंभरावर अडून बसलेय.